शौचालयाची किल्ली आणि खो-खोचं मैदान : एका गावातल्या उपक्रमाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण महाराष्ट्रातल्या बालाघाट डोंगररांगेच्या पट्ट्यातल्या एका गावातलं आहे. गाव, शाळा आणि माणसं ओळखू येतील असे तपशील गाळले आहेत. माणसांचा उल्लेख त्यांच्या कामावरून केला आहे. शाळा पाचवी ते दहावीची. पाऊस बेभरवशाचा, त्यामुळे दसऱ्यानंतर बरीच कुटुंबं ऊसतोडीला कारखान्यांवर जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही गटांत भारत जिंकला आणि दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते. त्या अंतिम सामन्याचे व्हिडिओ गावातल्या मोबाइलवर फिरले. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा खो-खोसाठी सातवी ते दहावीच्या ३४ मुलींनी नावं दिली. क्रीडाशिक्षकांच्या आठवणीत एवढ्या मुली कधी आल्या नव्हत्या.

एका स्थानिक संस्थेच्या दोन कार्यकर्त्यांनी आणि क्रीडाशिक्षकांनी मिळून उपक्रम ठरवला. आठवड्याचे पाच दिवस, शाळा सुटल्यावर दीड तास. त्यातली पहिली दहा मिनिटं डोळे मिटून श्वासाकडे लक्ष. हा भाग नवा नव्हता. शाळांमध्ये ध्यान शिकवणाऱ्या ‘मित्र उपक्रमा’मुळे राज्यातल्या अनेक शाळांना आनापान, म्हणजे श्वासाकडे लक्ष देण्याचा सराव, ठाऊक आहे आणि या शाळेतही तो पूर्वी काही काळ झाला होता. मुलींनी चिडचिड न करता, घाबरून न जाता खेळावं आणि तेच मन परीक्षेतही कामी यावं, एवढी साधी अपेक्षा होती.

अडचण

तिसऱ्या आठवड्यात तीन मुलींना भोवळ आली. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की तिघींपैकी दोघींना ती पळताना आली नाही, डोळे मिटून बसलेल्या असताना किंवा बसून उठताना आली. एक नववीतली मुलगी बसल्या बसल्या रडायला लागली आणि का ते तिला सांगता येईना. बाकीच्या खुदुखुदु हसत होत्या, एक डोळा उघडून कुंपणाकडे बघत होत्या. ऑगस्टच्या मध्यापर्यंत ३४ पैकी नियमित येणाऱ्या २२ उरल्या.

पहिलं निदान चुकलं. मुलींचं मन एकाग्र होत नाही, सवय नाही, हळूहळू होईल, असं संस्थेच्या कार्यकर्त्यांना वाटलं. तालुका स्पर्धा सप्टेंबरच्या मध्यावर आलेली, पोरी कच्च्या आहेत, पळापळ वाढवली पाहिजे, असं क्रीडाशिक्षकांना वाटलं. आठ दिवस दोन्ही गोष्टी वाढवल्या. बसणं १५ मिनिटांचं झालं आणि सरावाच्या शेवटी मैदानाला आणखी पाच फेऱ्या आल्या. त्या आठवड्यात आणखी दोघी चक्कर येऊन खाली बसल्या.

शेवटी गावच्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताईंनी मुलींना शाळेच्या मागच्या ओट्यावर, सरांशिवाय, बसवून तीन प्रश्न विचारले. शेवटचं कधी खाल्लं? शेवटचं पाणी कधी प्यायलं? पाळीच्या दिवसांत काय करता?

उत्तरांतून पूर्ण चित्र उभं राहिलं. शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच मिळतो. नववी-दहावीच्या मुली सकाळी साडेनऊला भाकरी खाऊन निघतात. काहींचा डबा असतो, बऱ्याच जणींचा नसतो. संध्याकाळी पावणेपाचला मैदानात बसायचं म्हणजे सात तासांचा उपास. पाण्याचं कारण त्याहून साधं होतं. शाळा सुटली की शिपाई मुलींच्या शौचालयाला कुलूप लावून घरी जायचा. सरावाच्या दिवशी मुली दुपारी बारानंतर पाणी पीतच नव्हत्या. ‘प्यायलं की जावं लागतं, मग जायचं कुठं?’ पाळीच्या दिवसांत तर त्या सरावालाच येत नव्हत्या आणि हजेरीत त्याची नोंद ‘अनियमित’ अशी होत होती.

डोळे न मिटण्यामागेही असंच साधं कारण होतं. मैदानाला तीन फुटांचं कुंपण, पलीकडे रस्ता, रस्त्यावर मोटारसायकली लावून बसलेली पोरं. उघड्यावर, बघणारे समोर असताना, चौदा वर्षांच्या मुलीने डोळे मिटावेत ही अपेक्षाच चुकीची होती. तिथे एक डोळा उघडा ठेवणं हे शहाणपण आहे, त्याला चंचलपणा म्हणता येणार नाही.

काय पर्याय होते

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात मुख्याध्यापक, क्रीडाशिक्षक, दोन कार्यकर्ते, आशाताई आणि दोन मुलींच्या आया शाळेत बसल्या. स्पर्धेला चार आठवडे होते.

क्रीडाशिक्षकांचं म्हणणं होतं की तयारीच्या १२ जणी निवडाव्यात आणि त्यांच्यावरच मेहनत घ्यावी. त्यामागे मुलींचंच हित होतं. दहावीच्या खेळाडूंना परीक्षेत सवलतीचे गुण मिळू शकतात आणि ते वरच्या पातळीवर खेळल्याशिवाय मिळत नाहीत. त्यांच्या दृष्टीने चार आठवडे वाया जाणं म्हणजे दोन मुलींचे गुण जाणं. पण ज्या १२ जणी त्यांनी मोजल्या, त्यांतल्या चौघी चक्कर आलेल्यांमध्ये होत्या.

सराव सकाळी साडेसहाला न्यावा, असं कार्यकर्त्यांनी सुचवलं. ऊन नाही, रस्त्यावर पोरं नाहीत. आयांनी ते तिथल्या तिथे खोडून काढलं. सकाळी पाणी भरायचं, भाकऱ्या थापायच्या, शेळ्या सोडायच्या, आणि यातलं निम्मं काम याच मुली करतात. सकाळचा सराव सुरू झाला असता तर खेळायला फक्त घरात काम नसलेल्या मुली उरल्या असत्या.

श्वासाचा भाग पूर्ण बंद करून नुसता खो-खो ठेवावा, असंही एक मत होतं. पालकांपैकी एकाने हे कुठल्या पंथाचं आहे का असं विचारलं होतं, त्यामुळे मुख्याध्यापकांना ते सोयीचं वाटत होतं.

चौथा पर्याय आशाताईंचा. दोन आठवडे पळणं निम्मं करायचं, त्या काळात खाणं, पाणी आणि रक्ततपासणी मार्गी लावायची, आणि स्पर्धेला जो संघ होईल तो न्यायचा. तासभर चर्चा झाली आणि हा पर्याय ठरला. क्रीडाशिक्षकांनी एक अट घातली: स्पर्धेचं नाव मागे घ्यायचं नाही. ती मान्य झाली आणि ती योग्यच होती. मुली तेवढ्यासाठीच आल्या होत्या.

काय केलं

किल्ली. शौचालयाची दुसरी किल्ली करून ती क्रीडासाहित्याच्या खोलीत खिळ्याला अडकवली आणि दहावीच्या दोन मुलींकडे जबाबदारी दिली. आत एक बादली, मग, झाकणाचा डबा आणि कागदात गुंडाळलेले पॅड. कामाला एक दुपार लागली. सगळ्या उपक्रमात सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत जास्त फरक पाडणारा बदल हाच. आठवडाभरात मुली दुपारी पाणी पिऊ लागल्या. सरावाच्या आधी एक पेला आणि मध्ये दोनदा काही घोट, हे हजेरीइतकंच सक्तीचं केलं.

खाऊ. प्रत्येकी ३० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे, ३० ग्रॅम फुटाणे आणि १५ ग्रॅम गूळ. साधारण ३३० कॅलरी आणि १३ ग्रॅम प्रथिनं. ३० मुली आणि पाच दिवस धरले तर आठवड्याला साडेचार किलो शेंगदाणे, साडेचार किलो फुटाणे आणि सव्वादोन किलो गूळ लागतो. पहिले दोन महिने हा खाऊ गावातल्या शेतकऱ्यांनी आणि किराणा दुकानदाराने दिला. वेळ महत्त्वाची होती. सुरुवातीला खाऊ मैदानावर, पळण्याच्या तोंडावर दिला आणि पोटात कळा येऊ लागल्या. मग चारच्या लहान सुट्टीत द्यायला सुरुवात केली, म्हणजे पळण्याआधी पाऊण तास मिळतो. एक समजूत मात्र वारंवार दुरुस्त करावी लागली. गूळ-शेंगदाण्याने भूक भागते, ताकद येते, पण अशक्तपणा झालेल्या मुलीचं रक्त तेवढ्याने भरून निघत नाही.

रक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला होता. त्यामुळे इथेही तो असणार हे ऑगस्टमध्ये नव्हे, जूनमध्येच गृहीत धरायला हवं होतं. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या तंत्रज्ञाने शाळेत येऊन तपासणी केली. सहा घरांनी नकार दिला, २८ मुलींची झाली. बारा वर्षांपुढच्या मुलीचं हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल तर तो रक्तक्षय. ११ मुली १२ च्या वर होत्या, ९ जणी ११ ते १२ च्या दरम्यान, ७ जणी ८ ते ११ च्या दरम्यान, आणि एकीचं ७.४. आठच्या खाली म्हणजे तीव्र रक्तक्षय. तिथे गोळ्या वाटून भागत नाही, रुग्णालयातच पाठवावं लागतं.

शाळेत दर सोमवारी लोहाची निळी गोळी वाटली जात होती, मग हे कसं? याचंही उत्तर मुलींनीच दिलं. गोळी दुसऱ्या तासाला, रिकाम्या पोटी मिळायची. मळमळायचं. नववी-दहावीच्या मुली ती खिडकीतून टाकत होत्या किंवा दप्तरात ठेवून विसरत होत्या. गोळीची वेळ जेवणाच्या सुट्टीनंतर नेली, डबा नसलेल्यांना आधी खाऊ दिला, आणि गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको हे घरोघर सांगितलं. चहामुळे लोह अंगी कमी लागतं, लिंबू किंवा आवळ्याने जास्त लागतं. शौचाचा रंग काळा होतो, त्याला घाबरायचं नाही, हेही आधीच सांगावं लागतं. नाही तर दुसऱ्याच दिवशी गोळी बंद होते. आणखी एक गोष्ट घरच्यांना समजावली: आठवड्याची गोळी रक्त कमी होऊ नये म्हणून असते. आधीच कमी झालेलं भरून काढायला रोजची गोळी, आणि तीही डॉक्टरांच्या सल्ल्याने. रक्तक्षय आढळलेल्या सतराही जणींना जंताची गोळी आणि उपचार सुरू झाले.

बसणं. ते बंद केलं नाही, खेळात आणलं. खो-खोत पाटीवर बसलेल्या खेळाडूने ‘खो’ मिळाल्याशिवाय उठायचं नसतं. पाठीवर हात आणि तोंडाने ‘खो’ हे एकदमच व्हावं लागतं. म्हणजे थांबून लक्ष देणं हे या खेळाचं मूळ कौशल्यच आहे, त्यासाठी वेगळी बैठक मारायची गरज नव्हती. आठ जणी आपापल्या पाटीवर, एकाआड एक उलट्या तोंडाने, नेहमीच्या पवित्र्यात बसतात. गुडघा दुखणारीने मांडी घातली तरी चालतं. डोळे उघडे, नजर समोरच्या रेषेवर. दोन मिनिटं श्वास चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. मोजणं जमत नसेल तर तळपायाला माती कशी लागते आहे तेवढंच बघायचं. मग या आठ जणींखेरीज नववी खेळाडू मागून फिरते आणि पाच ते चाळीस सेकंदांच्या अंतराने कुणालाही खो देते. मधूनच नुसता हात ठेवते, ‘खो’ म्हणत नाही. जी उठली ती बाहेर. पाच मिनिटांत खेळ संपतो, कुणी खुदुखुदु हसत नाही, आणि रस्त्यावरच्यांना तो सरावच दिसतो. पालकाच्या पंथाच्या प्रश्नालाही यातच उत्तर मिळालं.

चिंचोके. साहित्याच्या खोलीत, दाराआड, चार डबे ठेवले: ‘बरं आहे’, ‘दमलेय’, ‘दुखतंय’, आणि चौथा ‘आज पळणार नाही, विचारू नका’. येताना प्रत्येकीने एक चिंचोका टाकायचा. चौथ्या डब्यामुळे पाळीच्या दिवसांत मुली घरी थांबण्याऐवजी मैदानावर येऊ लागल्या. कुणी पंचगिरी करायची, कुणी वेळ धरायची. दोन आठवड्यांत दिसलं की मंगळवारी ‘दमलेय’चा डबा भरतो. मंगळवार बाजाराचा. आया पहाटेच भाजी घेऊन जातात, स्वयंपाक आणि धाकटी भावंडं मुलींवर येतात. मंगळवारचं पळणं बंद करून त्या दिवशी फक्त खांबावर वळणं आणि सूर मारण्याचं तंत्र ठेवलं.

मैदान. अनवाणी पाय आणि दगडासारखा मुरूम, यामुळे नडग्या दुखत होत्या आणि सूर मारताना गुडघे सोलत होते. २७ मीटर बाय १६ मीटरच्या पूर्ण मैदानावर ५ सेंटिमीटरचा मऊ मातीचा थर द्यायचा तर साडेसात ब्रासच्या (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) वर माती लागते. तेवढी मिळणार नव्हती. सूर बहुतेक खांबाजवळ मारले जातात, म्हणून दोन्ही खांबांभोवती चार बाय चार मीटर जागा १० सेंटिमीटर खोल उकरली आणि चाळलेली माती भरली. ब्रासभराहून थोडी जास्त लागली, एका ट्रॅक्टरच्या दोन खेपांत काम झालं. दोन दिवसांआड पाणी मारलं नाही तर ती पुन्हा कडक होते. सुरुवातीला हे विसरलं गेलं आणि आठवड्यात जागा पूर्वीसारखी झाली.

सर्वांत अवघड निर्णय

७.४ हिमोग्लोबिन आलेली मुलगी संघातली सर्वांत चांगली पळणारी होती. खांबावरची हुलकावणी तिच्याइतकी कुणालाच जमत नव्हती. स्पर्धेला सोळा दिवस होते आणि तिला खेळायचं होतं. एका डावापुरती, तीन मिनिटं, असा मार्ग क्रीडाशिक्षकांनी सुचवला. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी स्पष्ट नकार दिला. एवढ्या कमी रक्तात जोरात पळणं म्हणजे हृदयावर ताण. त्यावर वाद झाला नाही.

चूक झाली ती सांगण्यात. संघाची यादी वाचताना, सगळ्यांसमोर, तिचं नाव नाही आणि ‘रक्त फार कमी आहे’ हे कारण, दोन्ही एकाच वाक्यात सांगितलं गेलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. ‘हिला रक्तच नाही’ असं बोललं जाऊ लागलं, आणि मुलगी लग्नाच्या बोलण्याच्या वयाला येते तिथे अशा बोलण्याचे परिणाम दूरवर जातात. ती नऊ दिवस शाळेतच आली नाही. तिची आई शाळेत येऊन म्हणाली, ‘सर, आजार सांगायचा तर मला सांगायचा होता.’

आशाताई आणि एक शिक्षिका दोनदा घरी गेल्या. ग्रामीण रुग्णालयात तपासणी झाली. पाळीत फार रक्तस्राव होत होता आणि ते ती दोन वर्षं कुणाशी बोलली नव्हती. उपचार सुरू झाले. दहाव्या दिवशी ती परत आली तेव्हा तिला धाकट्या मुलींना खांबावर वळायला शिकवण्याचं काम दिलं, तेही आधी तिला विचारून.

निष्पत्ती

संघ तालुक्यात दुसऱ्या फेरीत हरला. दहावीच्या दोघींना सवलतीच्या गुणांपर्यंत पोचता आलं नाही. क्रीडाशिक्षकांनी ते मनाला लावून घेतलं आणि त्यांचं वाईट वाटणं रास्त होतं. सप्टेंबरअखेर नियमित येणाऱ्या मुली २२ वरून २९ झाल्या. त्या महिन्यात भोवळ एकदाच आली, तीही खाऊ न खाल्लेल्या मुलीला.

जानेवारीत सतरांपैकी अकरा जणींची पुन्हा तपासणी झाली. सात जणींचं हिमोग्लोबिन १२ च्या वर गेलं, तिघींचं वाढलं पण १२ च्या खालीच राहिलं. त्यात ती पळणारी मुलगी होती, १०.९ वर. एकीचं जिथल्या तिथे होतं. पोट दुखतं म्हणून तिने गोळ्या तीन आठवड्यांतच सोडल्या होत्या आणि कुणी विचारलं नव्हतं.

उरलेल्या सहा जणींची तपासणी झाली नाही कारण त्या गावात नव्हत्या. ऊसतोडीच्या घरातल्या मुली एकूण नऊ. तिघी आजीकडे राहिल्या, त्यात ती पळणारी मुलगीही होती, कारण उपचार अर्धे सोडू नयेत हे आईने मान्य केलं. सहा जणी टोळीबरोबर गेल्या. त्यांना गोळ्यांची पाकिटं आणि तपासणीचा कागद दिला होता. परत आल्यावर कळलं की तिघींचा कागद पावसात भिजून गेला आणि उसाच्या फडावर पहाटे चारला उठल्यावर गोळी कधी घ्यायची हे कुणी सांगितलं नव्हतं. एप्रिलपर्यंत चौघी मैदानावर परतल्या. एक मामाकडे शिकायला राहिली. सहाव्या मुलीचं, वय १६, फेब्रुवारीत लग्न झाल्याचं मार्चमध्ये समजलं.

वेगळं काय करता आलं असतं

त्या लग्नाबद्दल उपक्रमाकडे काहीच तजवीज नव्हती, हे मान्यच करायला हवं. चाइल्डलाइनचा १०९८ क्रमांक मुलींपैकी एकीलाही पाठ नव्हता. गावात बालविवाह प्रतिबंधाची जबाबदारी ग्रामसेवकाकडे असते, पण त्यांना उपक्रमात कुणी बोलावलंच नव्हतं. जाणाऱ्या सहा जणींना पंधरा दिवसांतून एकदा फोन करायचं ठरलं असतं तर निदान बोलणी चालू असतानाच कळलं असतं. आता जाणाऱ्या प्रत्येक घराचा, टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या फोनसकट क्रमांक घेतला जातो, फोन एक शिक्षिका करतात, आणि मुलीशी दोन मिनिटं एकटीने बोलायला मिळालं का, तेवढंच वहीत लिहितात.

तपासणीचा आकडा फक्त मुलगी, तिची आई आणि आशाताई यांनाच कळेल असं आता ठरलं आहे. क्रीडाशिक्षकांना आकडा मिळत नाही. ‘पळू शकते’, ‘हलकं पळेल’ किंवा ‘सध्या नाही’ यांपैकी एक शब्द मिळतो, आणि संघासाठी तेवढं पुरतं. संघाची यादी कारणांशिवाय वाचली जाते.

तपासणी जूनच्या शेवटच्या आठवड्यात झाली असती तर स्पर्धेआधी उपचाराला अडीच महिने मिळाले असते. क्रीडाशिक्षक आणि कार्यकर्ते ज्यावरून ऑगस्टमध्ये भांडले ते प्रश्नच कदाचित आले नसते. आणि भोवळ आल्यावर बसण्याची मिनिटं आणि फेऱ्या वाढवण्याऐवजी पहिल्याच दिवशी ‘काय खाल्लं’ विचारलं असतं तर आठ दिवस वाचले असते. आता नव्या मुलीला मैदानात घेण्याआधी आशाताईंचे तेच तीन प्रश्न विचारले जातात.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. नववी-दहावीच्या मुलींच्या खाऊसाठी खर्चाची कुठलीच कायमची तरतूद नाही. दिवाळीनंतर शेतकऱ्यांकडून येणारे शेंगदाणे कमी झाले आणि जानेवारीत आठ दिवस खाऊ नव्हता. त्या आठ दिवसांत पळणं बंद ठेवलं. ग्रामसभेत महिला-बालकल्याणाच्या निधीतून तरतूद करण्याचा ठराव मांडला आहे. सध्या दर सोमवारी पोत्यात किती उरलंय ते दहावीच्या मुली तोलून फळ्यावर लिहितात, आणि आठ दिवसांपेक्षा कमी उरलं की मुख्याध्यापकांना सांगतात.